आधीचं आधी

डबा रिकामा होता. नुसता रिकामा असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो घासून, धुऊन, वाळवून पुन्हा फळीवर जागच्या जागी ठेवलेला होता, म्हणजे ज्यानं कोणी हे केलं त्यानं ते गडबडीत नव्हे, मन लावून केलं होतं. कुलूपराव एका हातात डब्याचं झाकण आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला अर्धा पाव घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. पाव आत्ताच खालच्या भट्टीतून निघाला होता. कागदातून त्याची ऊब तळहाताला लागत होती आणि ती त्यांना, परक्याचं तान्हं मूल कुणी अचानक हातात द्यावं तशी, अवघड वाटत होती. पावणेसहा झाले होते. रोज या वेळी ते डब्यातले कालचे दोन काप काढून बशीत ठेवत, नवा पाव डब्यात सरकवत, काप चहात बुडवून खात, तीन चुळा भरत आणि सातला घराबाहेर पडत. खाल्लं की तीन चुळा. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. शिल्लक न ठेवण्याची त्यांची तेवढी एकच जागा होती, तोंड. आज बशी मांडून झाली होती, चहा उकळला होता आणि खायला काही नव्हतं. हातात पाव होता ही गोष्ट वेगळी.

कुलूपराव हे काही त्यांचं नाव नव्हे. इस्पितळाचं स्टोअर त्यांच्या ताब्यात होतं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता, आणि मागितलेली वस्तू पहिल्या मागण्यात मिळाली असं अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं. त्यामुळे नर्सेसनी बारसं केलं आणि ते सगळ्यांना पटलं. स्टोअरच्या भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात एक पुठ्ठा होता: नवं मागे, जुनं पुढे, आधी आलेलं आधी जाईल. औषधाची बाटली असो, हातमोजे असोत, बेडवरची चादर असो, नवा माल आला की तो मांडणीच्या मागच्या अंगाला जायचा, जुना ओढून पुढे यायचा, आणि जुन्याचा शेवटचा नग हलल्याशिवाय नव्याला कुणी बोट लावायचं नाही. या नियमाच्या जोरावर अठ्ठावीस वर्षांत मुदत उलटून गेली म्हणून एकही बाटली त्यांना ओतून द्यावी लागली नव्हती, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. बाहेरून तपासायला आलेले साहेब मांडण्यांवरून बोट फिरवत आणि मान हलवत निघून जात. नियम चांगला होता. वाईट नियम असता तर माणसानं तो घरी कशाला आणला असता?

घरी तो लग्नानंतरच्या आठवड्यातच आला. तेव्हा ते स्टोअरमध्ये नुसते मदतनीस होते, पण नियम तोंडपाठ होता. सकाळी अख्खा पाव यायचा, त्याचे आठ काप व्हायचे, चार संध्याकाळच्या जेवणाला लागायचे, चार उरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा पाव गरमागरम दारात यायचा तेव्हा हे चार डब्यात वाट बघत असायचे, आणि आधी आलेले आधी जाणार हे उघडच होतं. मग नवा पाव डब्यात जायचा आणि संध्याकाळपर्यंत निमूटपणे जुना व्हायचा. अशी एकतीस वर्षं त्या घरात रोज ताजा पाव आला आणि ताजा पाव एकदाही खाल्ला गेला नाही. खालचा भट्टीवाला रोज कागद पुढे करताना म्हणायचा, "गरम आहे, सांभाळून." कुलूपराव रोज सांभाळत.

बायकोनं ही गोम पहिल्या महिन्यातच ओळखली होती. ती शाळेत न जाणाऱ्या पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवायची. आकडे तिला लवकर दिसत. ती म्हणाली, "अहो, हे चार काप एकदाच कुठंतरी गेले ना, की झालं. दुसऱ्या दिवसापासून जन्मभर गरम पाव. फक्त चार काप."

"म्हणजे चार वाया."

"एकदाच."

"वाया ते वाया. त्यात एकदा आणि दोनदा काय?"

ती हसली होती. त्या वेळी ती अशा गोष्टींना हसत असे. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते पाव घेऊन वर आले तर डबा रिकामा आणि गॅलरीच्या कठड्यावर चिमण्यांची झुंबड. बायको ओट्याजवळ लोण्याची वाटी घेऊन उभी होती, नुकतं न्हालेली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली, आणि चोरी करून पकडलं जाण्याची वाट बघणाऱ्या लहान मुलासारखी खुशीत. कुलूपरावांनी कठड्याकडे पाहिलं, डब्यात पाहिलं. ते ओरडले नाहीत. ओरडण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता, आणि ओरडले असते तर फार बरं झालं असतं असं बायको पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा म्हणाली. त्यांनी गरम पाव डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि तीन चुळा भरून, खाल्लेलं काही नसताना, तसेच कामावर निघून गेले. राखीव साठा संपला तर आधी राखीव उभा करायचा, वाटप मागाहून. संध्याकाळी आले तर पाव जसाच्या तसा. नवरा उपाशी गेला म्हणून तीही दिवसभर तशीच राहिली होती. त्या रात्री दोघांनी चार काप खाल्ले, चार उरले, आणि घडी पुन्हा बसली. लोण्याची वाटी कुठे गेली ते त्यांनी विचारलं नाही. आज, एकतीस वर्षांनी, हातातला पाव निवत असताना त्यांना चिमण्या आठवल्या नाहीत, तिचे ओले केस आठवले नाहीत. वाटीच्या काठावर तिचा अंगठा होता आणि अंगठ्याला लोणी लागलेलं होतं, तेवढंच स्पष्ट दिसलं. तिनं ते मागाहून चाटलं असेल की धुऊन टाकलं असेल? असला प्रश्न त्यांना पूर्वी कधी पडला नव्हता.

त्यानंतर तिनं नियमाशी भांडण सोडलं आणि थट्टा धरली. लग्नात आलेले सहा टॉवेल होते, निळ्या काठाचे. तिसरा अजून फाटला नव्हता, म्हणून चौथा अजून बाहेर आला नव्हता. बायको पाहुण्यांना सांगायची, "चौथ्याचं लग्न आमच्या मुलीच्या लग्नाबरोबरच करू म्हणतात." मुलीचं लग्न झालं, चौथा कपाटातच राहिला. साबणाची वडी कागदाएवढी पातळ झाली की ती बोटांत धरून दिव्यासमोर न्यायची आणि म्हणायची, "आरपार दिसतंय बघा. अजून महिना जाईल." सफरचंदांतलं डागाळलेलं आधी खायचं, ते संपेपर्यंत दुसऱ्याला डाग पडलेला असायचा. "आपण सफरचंद खातच नाही हो," ती म्हणाली होती, "आपण डाग खातो." कुलूपराव अशा वेळी हसत. चांगला विनोद त्यांना कळत असे. तो आपल्यावर आहे हेही कळत असे, आणि त्यात राग येण्यासारखं त्यांना काही दिसत नसे, कारण शेवटी वाया काय गेलं होतं? काहीच नाही. एकतीस वर्षांच्या संसारात वाया गेलेली एक वस्तू दाखवा.

चहावर साय धरली होती. कुलूपरावांनी पाव ओट्यावर ठेवला, मग त्यांना वाटलं ओटा थंड आहे, म्हणून उचलला, मग आपण हा काय पोरखेळ चालवलाय असं वाटून पुन्हा ठेवला. काल रविवार. काल मुलगी येऊन गेली होती. संध्याकाळच्या जेवणानंतर बराच वेळ स्वयंपाकघरात खुडबुड करत होती. त्यांनी फोन उचलला.

"बाबा?" तिचा आवाज झोपेतून धडपडत वर आला. "काय झालं? बरं नाही का?"

"डब्यात दोन काप होते."



"टाकले मी."

"चांगले होते."

"बुरशी आली होती, बाबा."

"कुठं?"

"कडेला."

"कड काढता येते."

"येते," ती म्हणाली. मागे कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज झाला, आणि ती बहुधा उठून दुसऱ्या खोलीत गेली, कारण पुढचं बोलणं जागं झालेल्या माणसाचं होतं. "खोटं बोलले मी. बुरशीबिरशी काही नव्हती. आईनं सांगून ठेवलं होतं. म्हणाली, मी गेल्यावर एकदा त्यांचे काप टाकून दे. मी असताना टाकलेस तर मलाही उपास घडेल."

"कधी म्हणाली?"

"इस्पितळात. शेवटच्या आठवड्यात. सहा महिने झाले, मला जमतच नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघरातून हलतच नाही ना."

"मग काल?"

"काल तुम्ही जिन्यात शेजाऱ्यांशी बोलत होतात." मग तिनं विचारलं, "बाबा, पाव आणलाय का?"

"आणलाय."

"गरम आहे?"

त्यांनी पावावर हात ठेवला. "आहे अजून."

"मग खा की," ती म्हणाली. रागावून नाही, थकलेल्या माणसाच्या आवाजात. "खा आणि मला झोपू द्या."

फोन ठेवल्यावरही कुलूपरावांचा हात पावावरच राहिला. शेवटचा आठवडा. शेवटच्या आठवड्यात ते रोज दोनदा वर जात होते, दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, सात नंबरच्या बेडपाशी. ते स्वतः जिथे खाली अठ्ठावीस वर्षं चादरी मोजत होते, तिथेच वर ती एकोणीस दिवस त्यातल्याच चादरींवर पडून होती. आल्या दिवशीची चादर त्यांनी पाहताच ओळखली. मध्यभागी बोटभर लांबीचं रफू, आणि त्या रफूला लागून धुऊन धुऊन इतकी विरलेली जागा की खालच्या गादीचा पट्टा दिसावा. जुन्या गठ्ठ्यातली. तो गठ्ठा संपत आला होता. नव्या चादरी मांडणीच्या मागच्या अंगाला येऊन पडल्या होत्या, जाड, पांढऱ्या, कोऱ्या वासाच्या. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, जुन्या आणि तोंडाच्या फटकळ, मागणीची चिठ्ठी घेऊन स्वतः खाली आल्या होत्या.

"सात नंबरला नवी चादर द्या."

"जुन्या अडतीस शिल्लक आहेत."

"कुलूपराव, सात नंबर कोण आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर." घरच्या माणसासाठी नियम वाकवला असं उद्या कुणी म्हणायला नको.

सिस्टरनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना खिडकीची फळी उगीचच पुसावीशी वाटली. "तुम्हाला मेडल मिळायला पाहिजे," त्या म्हणाल्या, "तेसुद्धा जुनं शिल्लक असेल त्यातलं." आणि त्यांनी जुनी चादर नेली.

बायकोला हे सगळं कळत होतं. वॉर्डात कळत नाही असं काही नसतं. ती म्हणाली, "नव्या चादरी आल्यात म्हणे."

"आल्यात."

"वास कसा आहे हो?"

"कोऱ्या कापडाचा असतो तसा."

"एक नुसती आणून दाखवा. अंथरू नका. हुंगते आणि परत देते."

तिच्या हातात तेव्हा सलाईनची सुई होती, पट्टीनं चिकटवलेली, आणि बोटं सुजली होती. कुलूपरावांनी मनातल्या मनात अडतीस भागिले रोजच्या तीन केले. "पंधरा दिवसांच्या आत नव्या सुरू होतील," ते म्हणाले, आणि ही बातमी तिला आनंदाची वाटेल अशी त्यांची खरोखरच समजूत होती. तिनं मान हलवली. मग तिनं शेजारच्या, सहा नंबरच्या आजींकडे डोळ्यांनी खूण केली. आजी दोन महिन्यांपासून तिथं होत्या, कुणाला ओळखत नव्हत्या, आणि त्यांच्या छातीची घरघर रात्रंदिवस चालायची. "त्या माझ्याआधी आल्यात," बायको कुजबुजली. "म्हणजे त्यांच्यानंतरच माझा नंबर. तुमचा नियम आहे ना, मग मला घोर नाही." कुलूपराव हसले होते. तीही हसली. हसताना सुई दुखली म्हणून तिनं तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा हसली.

सहा नंबरच्या आजी पुढे चार महिने जगल्या.

नव्या चादरी ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू झाल्या. हिशेब फारसा चुकला नव्हता. पावसामुळे वॉर्डात पेशंट कमी होते म्हणून मध्ये थोडे दिवस जास्त गेले, इतकंच. आणि ज्या चादरीत गुंडाळून तिला खाली आणलं ती तर त्या गठ्ठ्यातलीही नव्हती. मेलेल्या माणसासाठी रद्द झालेल्या चादरी असतात. त्यांच्या कोपऱ्यावर शिक्का असतो. तो शिक्का कुलूपराव स्वतः मारत, दर महिन्याच्या शेवटी, दुपारच्या जेवणानंतर, रेडिओ ऐकत. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तिच्या पायांपाशी तो जांभळा शिक्का होता, थोडा तिरका उमटलेला, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा त्या दिवशीचा आहे ज्या दिवशी शाईचा पॅड कोरडा झाला होता. हा विचार त्यांनी कुणाला सांगितला नाही. सहा महिने तो त्यांच्या आत मुक्कामाला होता, आणि तो आधी आलेला असल्यामुळे त्याच्या मागून आलेलं दुसरं काहीच, रडूसुद्धा, बाहेर पडू शकलं नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटं. पाव आता वरून निवला होता, पण बोट दाबलं तर आत ऊब होती. फार तर पाच मिनिटं. कुलूपरावांना सवयीनं वाटलं की डब्यात ठेवून द्यावा, झाकण दाबावं, उपाशी जावं. संध्याकाळी दोन काप, उद्या सकाळी दोन, घडी पुन्हा बसेल. एकतीस वर्षांपूर्वी बसली होती तशी. आणि मग त्यांना दिसलं की त्या दिवशी दार ओढून घेताना आपण मागे वळून पाहिलं नव्हतं. ती वाटी हातात घेऊन किती वेळ उभी राहिली असेल, खाली बसली असेल की नाही, डब्याचं झाकण एकदा तरी उघडून हुंगून परत लावलं असेल की नाही, याची नोंद कुठेच नाही. ज्या घरात प्रत्येक वस्तूची जागा आणि तारीख त्यांना ठाऊक होती, त्या घरातला एक अख्खा दिवस त्यांना ठाऊक नव्हता.

त्यांनी सुरी घेतली. गरम पाव सुरीनं नीट कापत नाही, चुरगळतो, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पहिला काप वेडावाकडा निघाला, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेला. त्यांनी तो उभ्यानंच तोंडात घातला. चहात बुडवायचं राहून गेलं. आणि त्यांना वाटत होतं की यात एवढं काय असणार, पाव तो पाव. त्यांना खरं म्हणजे तसंच निघायला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. बाहेरची कड दाताखाली हलकेच मोडली, आतला मऊ भाग जिभेवर बसला, किंचित गोड, किंचित खारट, आणि त्यातून वाफेचा एक शेवटचा उसासा टाळूला लागला. कुलूपराव चावायचे थांबले. चव चांगली होती. फार चांगली होती. इतकी, की अंगावर काटा आला, खांदे आपोआप खाली आले, आणि घशातून एक बारीक, समाधानाचा हुंकार निघाला, जो त्यांनी स्वतःच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. रिकाम्या स्वयंपाकघरात तो हुंकार ऐकून ते दचकले. एवढंच होतं तर. एवढंच ती मागत होती; चार काप, एकदाच. याहून वाईट चव जगात दुसरी नसेल.

दुसरा कापही त्यांनी खाल्ला. तो खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं की नाही हे त्यांनी तपासलं नाही; पाव खारट लागत होता एवढं खरं. मग ते दोन उरलेल्या कापांकडे बघत राहिले. हे संध्याकाळी खाल्ले की डबा उद्या सकाळी रिकामाच असणार. म्हणजे उद्या पुन्हा गरम पाव. परवा पुन्हा. भट्टीवाला म्हणणार गरम आहे, सांभाळून. आणि आपण वर येऊन, या ओट्याशी उभं राहून, रोज सकाळी ही चव घेणार, आणि रोज सकाळी ती तितकीच चांगली असणार. मुलीला वाटतंय तिनं आईची इच्छा पुरी केली. बायकोला काय वाटलं होतं ते देव जाणे. तिनं हे थट्टेनं सांगितलं, मायेनं सांगितलं, की जाता जाता शेवटी एकदाचा हात उगारला, हे विचारायची सोय नाही. पण कुलूपरावांना आपला वकूब ठाऊक होता. माणूस शिळ्यावर एकतीस वर्षं काढू शकतो. रोज एवढं ताजं सोसणं आपल्या हातून व्हायचं नाही.

त्यांनी ते दोन काप एकावर एक नीट जुळवले, डब्यात पुढच्या बाजूला ठेवले आणि झाकण दाबून बसवलं. हे उद्या सकाळचे. आज संध्याकाळी पावाशिवाय निभवायचं. एक वेळ उपास घडला म्हणून कुणी मरत नाही. सुरी धुतली, ओट्यावरचा चुरा टिपून तळहातावर घेतला आणि गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. मग सदरा चढवला, जुडगा कमरेला लावला आणि सवयीनं मोरीत जाऊन नळ सोडला. ओंजळ भरली. तोंडात अजून, मागच्या दाढेपाशी, कडेचा एक कण होता, आणि त्याला चव होती.

कुलूपरावांनी ओंजळीतलं पाणी सोडून दिलं, नळ बंद केला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा चूळ न भरता कामावर गेले. वाटेत कुणी नमस्कार केला तर त्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं नाही.